परसातील कोंबड्या आणि शेजारधर्म
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, आरोग्य, अर्थसंकल्प अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्या परंपरेत कोंबड्यांचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु छत्तीसगडच्या या पोलादनगरीत गेल्या काही वर्षांत अनेक मराठी कुटुंबांनी परसात चार-सहा कोंबड्या पाळण्यास प्रारंभ केला आहे. त्यावरून दोन-तीन ठिकाणी कुरबुरी झाल्या, आणि एका ठिकाणी तर वीस वर्षांचा घरोबा तुटण्याच्या बेतास आला होता. तेव्हा या विषयावर कोणीतरी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले व ते काम आम्हांवर सोपविले. गेली बारा वर्षे आम्ही परसात कोंबड्या बाळगून आहोत आणि दोन्ही अंगांचे शेजारी अद्याप आमच्याशी बोलतात, एवढीच काय ती आमची पात्रता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाकडच्या घरी कोंबड्या होत्या. सायंकाळी त्यांना खुराड्यात कोंडणे, पिल्लांवर डालगे झाकणे, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी मांडून एकवीस दिवस मोजणे, ही कामे पुष्कळांनी लहानपणी केली असतील. तेथे शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल तक्रार करण्याचा प्रश्नच नसे, कारण तक्रार करणाऱ्याच्याही दारात कोंबडा असे. येथे तशी स्थिती नाही. येथे क्वार्टरला क्वार्टर लागलेले, दोन परसांमध्ये छातीइतकी भिंत, एका बाजूस आंध्रातील कुटुंब तर दुसऱ्या बाजूस राजस्थानातील, आणि कारखाना तीन पाळ्यांत चालणारा. एका घरी पहाट होते तेव्हा दुसऱ्या घरी रात्र सुरू होते. म्हणून गावाकडचा रिवाज येथे जसाच्या तसा आणता येत नाही.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. कोंबडी आधी की अंडे आधी, या वादाचा निकाल लागो न लागो. आमच्या मते दोहोंच्याही आधी शेजारी. खुराड्यासाठी फळ्या आणण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांकडे व पाठीमागच्या घरी जाऊन आपला बेत सांगावा. किती कोंबड्या, कोठे ठेवणार, कोंबडा असणार की नाही, हे मोकळेपणी बोलावे आणि त्यांची अडचण ऐकून घ्यावी. कोणाच्या घरी दम्याचा रुग्ण असतो, कोणाचे अंथरूण नेमके त्या भिंतीलगत असते. ही चौकशी आधी केली तर तो सल्ला ठरतो. तीच तक्रार आल्यावर केली तर सारवासारव ठरते. वसाहतीच्या व नगरपालिकेच्या नियमांत पक्षी पाळण्यास मुभा आहे का, हेही त्या कार्यालयांत विचारून घ्यावे. सार्वजनिक उपद्रव हा 1860च्या दंडसंहितेत गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. परंतु प्रकरण कायद्यापर्यंत पोहोचले, तर शेजार त्याआधीच संपलेला असतो.

आता कोंबड्याविषयी. अनेकांची अशी समजूत असते की कोंबडा नसेल तर कोंबड्या अंडी देत नाहीत. ही समजूत निखालस चुकीची आहे. कोंबड्याची गरज पिल्ले निघण्यासाठी लागते, अंडी मिळण्यासाठी नव्हे. ज्यास केवळ घरापुरती अंडी हवी आहेत त्याने कोंबडा ठेवूच नये. तो डालग्याखाली झाकून गप्प बसेल, असेही मानू नये. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की कोंबड्याचे आरवणे त्याच्या शरीरातील अंगभूत घड्याळावर चालते. दिवसरात्र सारखाच मंद उजेड ठेवला तरी तो आपल्या वेळेस आरवतो, आणि तेही उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीपासून. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण आहेच. तिला एवढीच पुस्ती जोडावी की कोंबडे झाकले म्हणून त्याचे आरवणेही राहत नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट. एक दिवसाची पिल्ले विकत घेतली की त्यांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते तीन-चार महिन्यांनी कंठ फुटल्यावर कळते. तोवर मुलांनी त्यांची नावे ठेवलेली असतात. म्हणून शक्य तर अडीच-तीन महिन्यांच्या तलंगाच घ्याव्यात. जातींत निवड पुष्कळ आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, या काटक असून गावठी कोंबडीहून अधिक अंडी देतात. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथास 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची कीर्ती मांसासाठी आहे, अंडी तो बेताचीच देतो.

मघाशी ज्या घरोब्याचा उल्लेख केला त्याची हकीकत येथे सांगणे योग्य होईल. त्या मराठी कुटुंबाने हौसेने एक देखणा कोंबडा ठेवला. शेजारचे गृहस्थ कारखान्यात क्रेन चालवितात. दुपारच्या पाळीवरून ते रात्री साडेदहाला घरी येत, निजेपर्यंत बारा वाजत, आणि साडेतीनला कोंबडा सुरू होई. स्वभावाने ते भिडस्त. महिनाभर काही बोलले नाहीत. फक्त भिंतीवरून होणारी वाट्यांची देवघेव थांबली, संक्रांतीचे हळदीकुंकू चुकले, आणि या कुटुंबास वाटू लागले की परप्रांतीय म्हणून आपल्याला दूर लोटले जात आहे. अखेर दोन्ही घरांचा लोभ असलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारपूस केली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, वितळलेल्या लोखंडाची बादली मी डोक्यांवरून नेतो. खाली माणसे असतात." या वाक्यानंतर वाद घालण्यासारखे काही उरले नाही. कोंबडा दुसऱ्याच दिवशी एका खेड्यातील परिचिताकडे पोहोचता झाला. बंधुभगिनींनो, ज्या नगरीचे पोट भट्टीवर आहे, तेथे शेजाऱ्याची झोप ही त्याची खासगी बाब राहत नाही. तिच्यावर दुसऱ्या कोणाच्या घरचा कर्ता माणूस सुखरूप परतणे अवलंबून असते.

कोंबड्याही अगदी मुक्या नसतात. अंडे घातल्यावर पाच-दहा मिनिटे ओरडून त्या ती वार्ता जाहीर करतात, आणि ही वेळ बहुधा सकाळची, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या पहिल्या झोपेची. यावर उपाय एकच, खुराड्याची जागा. शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या भिंतीपासून ते होईल तितके दूर आणि आपल्या स्वयंपाकघराजवळ असावे. आपल्या कोंबड्यांचा आवाज व वास प्रथम आपल्याला यावा, हा न्याय आम्ही पाळतो. त्याने आपणही सावध राहतो.

वासाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात. कोंबडीची कोरडी विष्ठा फारशी वास मारीत नाही. ती ओली राहिली की सूक्ष्म जंतूंमुळे तिच्यातून अमोनिया वायू सुटतो, आणि डोळ्यांस झोंबणारा तो वास यायला लागतो. म्हणजे खरा शत्रू ओल होय. खुराड्यात भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची चार-सहा बोटे जाड गादी अंथरावी, ती दोन दिवसांआड खालीवर करावी, ओली झालेली जागा लगेच काढून कोरडा भुसा घालावा. पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवावे, म्हणजे ते सांडत नाही. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून छप्पर पुढे काढावे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा जाळीवर ओली गोणपाटे टांगावी लागतात. परंतु त्यांचे पाणी गादीवर ठिबकू देऊ नये. उष्ण हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून घाण आठवड्याच्या आत काढली, की माशांची वीण परसात पुरी होत नाही.

उंदीर-घुशी कोंबड्यांमुळे येत नाहीत, दाण्यामुळे येतात. एका कोंबडीस दिवसाला सुमारे 100 ते 120 ग्रॅम खाद्य पुरते. तेवढेच मोजून घालावे, सायंकाळी उरलेले उचलावे आणि साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. उंदरांमागे साप येतो, आणि तो शेजाऱ्याच्या परसातही जातो. हे ध्यानात घेतले की डब्याच्या झाकणाचा आळस राहत नाही. तसेच कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत. शेजारणीने मेहनतीने लावलेली मेथी सहा कोंबड्या अर्ध्या तासात उकरून टाकतात, आणि त्या मेथीची भरपाई अंड्यांनी होत नाही. माणशी जितकी जागा घरात लागते तितकी त्यांना नको. परंतु रात्रीच्या खुराड्याखेरीज दिवसा उकरायला जाळीचे ऐसपैस कुंपण मात्र हवे.

रोगराईच्या बाबतीत तर शेजारधर्म हे कर्तव्यच ठरते. मानमोडी, जिला राणीखेत असेही म्हणतात, ती एका परसातून दुसऱ्या परसात झपाट्याने पसरते. तिची लस पिल्लास पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून, आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास टोचून देतात. या लसीची लहानात लहान कुपीही शंभरेक पक्ष्यांना पुरेल एवढी असते, आणि एकदा मिसळलेली लस दोन-तीन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती एकट्याने आणणे म्हणजे अपव्यय. म्हणून आमच्या भागातील दहा-बारा घरे मिळून एकाच दिवशी लसीकरण करतात. त्यांत मराठी घरे तीन, बाकी तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि छत्तीसगडी. त्या दिवशी जी ओळखपाळख होते, ती एखाद्या स्नेहसंमेलनातही क्वचितच होत असेल.

बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक 2006 सालच्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. 2021च्या जानेवारीत तो अनेक राज्यांत आढळला. रोग निश्चित झाला म्हणजे सभोवतालच्या ठरावीक टापूतील सर्वच कोंबड्या नष्ट कराव्या लागतात आणि शासन त्यांची भरपाई देते. म्हणून दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या तर गुपचूप उकिरड्यावर टाकू नयेत, हातही लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. लपविण्याने आपली अब्रू वाचत नाही, दुसऱ्याचे घर मात्र धोक्यात येते.

शेवटी देण्याघेण्याविषयी. जास्तीची अंडी शेजारी वाटावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु आपल्या शेजारी जैन वा वैष्णव कुटुंब असेल तर अंडे नेऊन देणे हा स्नेह नव्हे, अवघडलेपण होय. त्या घरी काय द्यावे? कोंबडखत द्यावे. ताजे खत उष्ण असते, मुळे जाळते. पाला व माती मिसळून तीन-चार महिने कुजविले की बागेस उत्तम. आमच्या उजव्या अंगाचे राजस्थानी कुटुंब अंड्याला शिवत नाही. पण दर हिवाळ्यात आमच्या खताची दोन घमेली नेते आणि भिंतीवरून आम्हांस वांगी देते. त्यांच्या देखत परसात कोंबडी कापायची नाही, पिसे वाऱ्यावर सोडायची नाहीत, एवढे पथ्य आम्ही पाळतो. ते त्यांनी कधी मागितलेले नाही.

आणि इतके करूनही तक्रार आलीच तर? 2019 साली फ्रान्समधील एका बेटावर कोंबड्याच्या आरवण्यावरून खटला झाला. न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढे 2021 मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज व वास यांना संरक्षण देणारा कायदाही केला. कोंबडा जिंकला खरा. परंतु त्या दोन घरांतील वाट्यांची देवघेव काही न्यायालयास सुरू करून देता आली नसेल. तक्रार घेऊन दाराशी आलेला माणूस अजून आपल्याशी बोलतो आहे, हे लक्षात ठेवावे आणि त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या पन्नास वर्षांत आपण येथे गणपती बसविले, नाटके केली, मुलांना मराठी शिकविली. ढोल-लेझमीचा आवाज, मांडवाची गर्दी, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या तालमी हे सर्व कोणी सहन केले? आपल्या शेजाऱ्यांनी. त्यांनी कधी हिशेब मांडला नाही. परप्रांतात आपण टिकलो ते केवळ आपल्या जिद्दीवर नव्हे, त्यांच्या सोशिकतेवरही. त्या ऋणाची थोडीशी फेड करण्याची संधी परसातल्या चार कोंबड्यांनी दिली, तर ती आपण आनंदाने घ्यावी. कोंबड्या पाळाव्यात, अवश्य पाळाव्यात; पण त्याआधी भिंतीपलीकडे एकदा हाक मारावी.