पाया आणि साखर

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी दारव्ह्याला माहेरी आली. सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजले, दोन तासांनी रक्त घेतले. साखर १४० च्या पुढे गेली होती.

शेजारच्या खालाला हे पटेना. "काडीसारखी पोर! पहिल्या तपासणीत साखर नव्हती, आता कुठून आली?" तिने त्याच संध्याकाळी पायाचा शोरबा चढवला. त्यात तिच्या भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवले की, हाडातल्या प्रथिनाने गरोदरपणातली साखर उतरते. मग काय विचारता श्रोतेहो, शोरबा हेच औषध ठरले!

मी बी.ए. झालेला कवी. पण प्रश्न पोरीचा होता. डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले.

भाच्याचे बोलणे अगदीच हवेतले नव्हते. हाड म्हणजे वाळके लाकूड, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते जिवंत असते. त्यातल्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन तयार करतात आणि त्यातले थोडे रक्तात उतरते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेरार्ड कार्सेंटी यांनी २००७ मध्ये दाखवले की, हे प्रथिन नसलेल्या उंदरांत इन्सुलिन कमी पडते नि साखर चढते. हाड स्वादुपिंडाला निरोप धाडते, ही कल्पना कवीला भुरळ पाडणारी. मात्र २०२० मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी तसेच उंदीर तयार केले, तर त्यांची साखर ठीकच निघाली. गरोदर स्त्रियांच्या रक्तातही हे प्रथिन मोजले गेले आहे, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावरून निदान नाही की औषध नाही.

शिवाय ते प्रथिन आपल्याच हाडाने घडवलेले. शोरब्यातले प्रथिन पोटात डाळी-मटणासारखेच पचून तुटते. शोरबा वाईट नाही. त्यासोबत चार रोट्या जातात, पंचाईत तिथे आहे.

खालाचे दोन्ही प्रश्न मात्र खरे होते. दिवस वाढतात तशी वारेतली संप्रेरके इन्सुलिनला जास्त अडवतात; स्वादुपिंड पुरे पडले नाही की साखर चढते. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा करायची. आणि काडीसारख्या पोरीचे म्हणाल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतली, दिसायला किडकिडीत. पण इंग्लंडच्या बाळांशी ताडून पाहता अंगात चरबीचे प्रमाण जास्त. आपल्याकडे बारीक दिसण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मुलीने भात-रोटी मोजून खाल्ली, जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारल्या. दोन आठवड्यांत साखर उतरली, इन्सुलिन लागले नाही. सगळ्यांचेच असे होत नाही. लागले तर घ्यावे, त्याने बाळाला अपाय नाही.

नात सुखरूप झाली. तरी अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका राहतो, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी असते. ही बहुतेक घरी राहूनच जाते. आमच्याकडे चाळिसाव्या दिवसाचे न्हाण झाले, म्हणून दिवस लक्षात राहिला. त्याच आठवड्यात ऑटो बोलावला. बाहेर येऊन पाहतो तो खाला आधीच आत बसलेली, मांडीवर नात.

"चला," म्हणाली, "दोन तास बसायचंय ना? पोरीला मी सांभाळते."