कोलंबीची गुंडाळी, सगळ्यांना सारखी

गटाची बैठक लांबली की घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. मग वाटण कधी, कालवण कधी? म्हणून आज बुरिटो सांगते. हा मूळचा मेक्सिकोचा. गव्हाच्या पातळ पोळीत सारण भरून केलेली गुंडाळी. पोळी तर आपल्या रोजच्या हातातली.

चौघांसाठी अर्धा किलो कोलंबी सोला, पाठीतला काळा धागा काढा, धुऊन निथळू द्या. ठेचलेला लसूण, दीड चमचा तिखट, चमचाभर जिरेपूड आणि मीठ चोळून ठेवा. तोवर मोठ्या, मऊ पोळ्या करून घ्या. मग तवा चांगला तापवा, तेल सोडा, कोलंबी तीन-चार मिनिटंच परता. गुलाबी होऊन वळली की उतरवा, नाहीतर वातड होते. वर लिंबू पिळा.

पोळीवर थोडा भात, शिजवलेला राजमा किंवा चवळी, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर, मग कोलंबी. दोन्ही कडा आत दुमडून घट्ट गुंडाळा, तव्यावर शेका. कोलंबीने कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील, तर त्यांची कडधान्याची गुंडाळी आधी वेगळी करा.

आता मनातलं सांगते. कालवण केलं की सोलणारीच्या ताटात शेवटी नुसता रस्साच यायचा. गुंडाळ्या मात्र मोजून होतात. पहिल्यांदा केल्या, तेव्हा सासूबाईंनी माझी गुंडाळी आधीच झाकून ठेवली होती. मैत्रिणींनो, मोजताना स्वतःला विसरू नका.