पिवळी रेघ



आज आमच्या गटाची एक चूक आणि त्यातून आम्ही केलेले नियम तुम्हाला सांगणार आहोत. आम्ही बाराजणी मिळून मसाल्याचं काम करतो. एका शेडमध्ये कांडप यंत्र, मसाला भाजायची भट्टी आणि पाकिटं भरायची जागा. फाल्गुन-चैत्रात मिरचीचा हंगाम, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. अंगणवाडी दुपारी सुटते आणि पोरं थेट आमच्याकडे येतात. येणार कुठे दुसरीकडे?

अशाच एका दुपारी चेंडू घरंगळत यंत्रामागे गेला. त्याच्यामागे चार वर्षांचं पोर. यंत्राचा पट्टा फिरत होता. आमच्यातल्या एकीने झडप घालून त्याला मागे ओढलं. सदऱ्याची बाही टरकन फाटून पट्ट्यात गेली. हात वाचला. त्या दिवशी पुढे कुणाच्याच हाताला काम सुचलं नाही.

संध्याकाळी बैठक घेतली आणि पाच मिनिटांत ठराव केला : उद्यापासून कुणी मूल आणायचं नाही. वाटलं, प्रश्न मिटला. आठ दिवसांत दोघीजणी यायच्या बंद झाल्या. तिसरी येत होती, पण धाकट्याला सांभाळायला तिने आठ वर्षांच्या लेकीला शाळेतून घरी ठेवलं होतं. घरात चूल, पाण्याचं पिंप आणि दोन लेकरं एकटी. धोका आम्ही शेडमधून काढून तिच्या घरात नेऊन ठेवला होता.

मग पुन्हा बसलो. या वेळी आधी शेडमध्ये उकिडवं बसून, पोरांच्या उंचीवरून चहूकडे पाहिलं. उभ्याने कधी न दिसलेलं दिसलं. कढईचा कान बरोबर पोराच्या हाताशी. पट्ट्याला जाळी नाही. बोर्डाची वायर लोंबती. पिंपाला झाकण नाही. पोरांना रागावून यातलं काय बदलणार होतं? म्हणून ठरवलं, नियम मोठ्यांसाठी करायचे.

पहिला नियम. जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली. पलीकडे यंत्र आणि भट्टी, अलीकडे पाकिटं आणि पोरं. अठरा वर्षांखालचं कुणीही रेघ ओलांडणार नाही. 'बाळा, जरा एवढी परात आण,' असंही म्हणायचं नाही. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत चालते, पण तो धंदा धोक्याचा नसावा लागतो. आमची रेघ त्याहून कडक आहे.

दुसरा नियम. पट्ट्याला जाळी बसेपर्यंत यंत्र बंद. चार दिवसांची कमाई बुडाली, ती सगळ्यांनी सोसली. आता पिंपाला झाकण आहे, वायर वर बांधली आहे आणि भट्टीभोवती कठडा आहे.

तिसरा नियम. रेघेच्या आत मूल दिसलं की जी बघेल तिने 'बंद!' म्हणून ओरडायचं. यंत्र आधी थांबवायचं, विचारपूस नंतर. उगाच थांबवलं म्हणून कुणी कुणाला बोलायचं नाही.

चौथ्या नियमावर मात्र भांडण झालं. रोज एकीने फक्त मुलं सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. 'बसून राहायचे पैसे?' असं काहीजणी म्हणाल्या. तेव्हा आमच्यातली सर्वांत वयस्कर बाई बोलली, "जन्मभर पोरं सांभाळली, ते काम नाही असं बाप्ये म्हणत आले. आता आपणही म्हणायचं का?" मग आठवलं, २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही ही सोय केलेली होती. कामावर बायांसोबत पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. ठराव मंजूर झाला. बंद झालेल्या दोघी परत आल्या आणि ती लेक शाळेत जाऊ लागली.

पाचवा नियम पाळायला सगळ्यांत अवघड. कांडायला येणाऱ्या गिऱ्हाइकाचं मूलही रेघेबाहेर. गावातल्या एका मोठ्या घरच्या काकू नातवाला कडेवर घेऊन थेट यंत्रापाशी आल्या. आम्ही यंत्र थांबवलं. काकू रुसल्या आणि मिरची दुसरीकडे घेऊन गेल्या. आमच्यातल्या काही हळहळल्या. पण एकासाठी रेघ पुसली, की ती सगळ्यांसाठीच पुसते.

तरीही अपघात झालाच तर काय करायचं, तेही भिंतीवर लिहिलंय. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट लावायची नाही. डोळ्यांत मिरची गेली तर चोळायचं नाही, पाण्याने धूत राहायचं. गंभीर असेल तर १०८ ला फोन.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे गिरणी असेल, कडबाकुट्टी असेल, पापडाची भट्टी असेल. पुढच्या बैठकीआधी तिथे एकदा उकिडवं बसून बघा. जे दिसेल ते लिहून काढा आणि पहिली रेघ कुठे मारायची ते सगळ्याजणी मिळून ठरवा.