स्पॅनिश भाषेच्या पदवीविषयी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘मुलांचे पुढील शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा, आणि आमची विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरती. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकविले, एवढेच आमचे भांडवल. म्हणून शिक्षणाचा सगळा पसारा न मांडता आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलणार आहो. ती म्हणजे स्पॅनिश भाषा व संस्कृती हा विषय घेऊन बी. ए. होणे. हे ऐकताच मागच्या बाकांवर जी चुळबुळ झाली ती आमच्या दृष्टीस पडली. ती स्वाभाविक आहे. चार वर्षांपूर्वी आम्हीही तीच केली होती.

त्या वर्षी आपल्या शिक्षण-निधीकडे एका मुलीचा अर्ज आला. मुलगी हुशार, वडील दुसऱ्याच्या पेढीसाठी मजुरीवर दागिने घडविणारे. तिला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशच्या पदवी-वर्गात प्रवेश मिळाला होता. समितीत आम्ही पाच जण. प्रश्न आम्हीच विचारला, “बाळ, स्पेनशी आपला संबंध काय?” ती म्हणाली, “गुरुजी, शिकून आल्यावर सांगते.” आम्हांला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. अर्ज नामंजूर झाला. पुढे कळले की वडिलांनी तिच्या आईच्या पाटल्या मोडल्या. ज्या हातांनी घडविल्या त्याच हातांनी त्या मुशीत टाकल्या. तेव्हापासून ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही.

मुलीने मात्र राग धरला नाही. सुट्टीत आली की वह्या घेऊन आमच्याकडे येई, आणि आम्ही, आयुष्यभर शिकविणारे, तिच्यापुढे शिकावयास बसू लागलो. पहिला धक्का व्याकरणाने दिला. इंग्रज ‘मी आवडतो’ अशा धर्तीवर वाक्य करतो, त्यामुळे आपली मुले इंग्रजीत अडखळतात. स्पॅनिश मनुष्य म्हणतो ‘मे गुस्ता एल आर्रोस’, म्हणजे शब्दशः ‘मला भात आवडतो’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि आवड ज्याची त्याला चतुर्थी! ‘त्याने यावे’ हा आपला विध्यर्थ इंग्रजीत कोठे सापडावा याची आम्हांला नेहमी पंचाईत पडे. स्पॅनिशमध्ये ‘किएरो के वेंगा’ म्हटले की झाले. तेथे त्या क्रियापदाला स्वतंत्र रूपच आहे, आणि दुसऱ्या वर्षाला गेलेले विद्यार्थीही त्याच्याशी झगडत असतात म्हणे. आपल्या मुलांना त्याचा अर्थ तरी समजावून द्यावा लागत नाही.

आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचा संक्षेप आहे, व म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी चालते. ‘साहेबांनी बसावे’ असे आपण समोरच्यालाच म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यांचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य. आणि ज्या ‘ञ’ला आम्ही छत्तीस वर्षे फळ्यावर लिहून लगेच पुढे ढकलले, तो बिचारा तेथे मानाने नांदतो. देशाचे नावच ‘एस्पाञा’!

आता त्या संबंधाविषयी. इ. स. 711 मध्ये मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरले आणि ग्रानादाचे त्यांचे शेवटचे राज्य 1492 मध्ये बुडाले. या काळात अरबीतून हजारो शब्द स्पॅनिशमध्ये गेले, आणि त्यांतील काही आपल्याच घरून निघालेले होते. आपली शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर व स्पेनमध्ये ‘आसूकार’ झाली. नारंग ‘नारांखा’ झाले. चतुरंगाचा शतरंज झाला, आणि त्याचा पुढे ‘आखेद्रेस’. उलट बाजूने, पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिने गोव्या-वसईच्या वाटेने पगार, चावी, बटाटा हे शब्द आपल्या घरात आणून ठेवले. हे ऐकल्यावर ‘संबंध काय’ हा आमचा प्रश्न आमचा आम्हांलाच लाज वाटेसा झाला.

परंतु आपण सुवर्णकार. आपल्याला शब्दांपेक्षा धातू अधिक कळतो. आजच्या बोलिव्हियात पोतोसी नावाचा डोंगर आहे. 1545 मध्ये तेथे चांदी सापडली आणि स्पेनच्या राजाने तो डोंगर पोखरून काढला. खाणीत उतरत होते ते तेथले मूळ रहिवासी. ‘मिता’ या पद्धतीने त्यांना गावोगावहून पाळीपाळीने सक्तीने आणले जाई, आणि त्यांतले कितीतरी परत गेले नाहीत. ती चांदी सेव्हिय्येच्या बंदरात उतरे, युरोपात फिरे, आणि कापड, मिरी, निळीच्या मोबदल्यात सुरतेला येई. तेथल्या टाकसाळीत तिचे मोगली रुपये पडत. आपल्या वाडवडिलांनी ज्या रुप्याचे तोडे आणि कमरपट्टे घडविले त्यात पोतोसीचे रुपे नव्हतेच, असे कोण सांगेल? आपण रुप्यावरून रुपया म्हणतो. दक्षिण अमेरिकेत ‘प्लाता’ म्हणजे चांदी आणि ‘प्लाता’ म्हणजेच पैसा. ही गोष्ट मुलीने आम्हांला सांगितली तेव्हा तिचे वडीलही बसले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “खाणीतल्या माणसाचा विचार मुशीपाशी बसून कधी केला नव्हता.”

आणखी एक गोष्ट या व्यासपीठावरून सांगणे थोडे कठीण आहे, पण सांगतो. इंग्रज आपल्या या मेळाव्याला ज्या शब्दाने ओळखतो तो ‘कास्ट’ हा शब्द ना आपला ना इंग्रजांचा. ‘कास्ता’ म्हणजे वंश, अवलाद. तो पोर्तुगीज खलाशांबरोबर येथे आला. त्याच शब्दाने स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत माणसांची प्रतवारी लावली. अठराव्या शतकात तेथे चित्रांच्या मालिकाच काढीत. एका चौकटीत बाप, आई व मूल, आणि खाली त्या मुलाची ‘जात’ लिहिलेली. खुद्द स्पेनमध्ये, तोलेदो शहरात, 1449 मध्ये असा नियम झाला की ज्यांचे पूर्वज यहुदी होते त्यांना, ते ख्रिस्ती झाले असले तरी, नगराचे अधिकारपद नाही. कारण रक्त शुद्ध नाही. पदवीच्या वर्गात हे सारे शिकवितात, लपवीत नाहीत. आपल्या संमेलनात बसून हे ऐकताना कोणाला अस्वस्थ वाटल्यास वाटू द्यावे. आम्हांलाही वाटले.

वाङ्मयाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो आमचा प्रांत नव्हे. सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किखोते’चा पहिला भाग 1605 मध्ये व दुसरा 1615 मध्ये निघाला. लेपान्तोच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला होता आणि नंतर पाच वर्षे तो अल्जीरला कैदेत होता, हे कळल्यावर त्या विनोदी पुस्तकाकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो. पण आमचे मन बसले ते चिलीच्या गाब्रिएला मिस्त्रालवर. खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकविणारी ही बाई. 1922 मध्ये मेक्सिकोने तिला शाळा व ग्रंथालये सुधारण्यासाठी बोलावून घेतले, आणि 1945 मध्ये तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅटिन अमेरिकेत ते प्रथमच आले, आणि आले ते एका शाळामास्तरणीकडे! आमच्या व्यवसायबंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. स्पॅनिश ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा, वीस स्वतंत्र देशांची राजभाषा आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक आहे. शिक्षण, भाषांतर, पर्यटन, व्यापारी कंपन्यांची सेवाकेंद्रे यांत कामे मिळतात. परंतु नुसती पदवी पुरत नाही. तिच्या जोडीला नवी दिल्लीच्या सेर्व्हान्तेस संस्थेत होणाऱ्या परीक्षांसारखे प्रमाणपत्र असावे, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही धड लिहिता यावी. कोणी म्हणेल, भाषांतर आता यंत्रेच करतात. करतात, हे खरे. साधी व्यापारी पत्रे तर बिनबोभाट करतात. ती मुलगी गेल्या वर्षी पदवीधर झाली आणि सध्या पुण्याच्या एका कंपनीत यंत्राने केलेली भाषांतरेच तपासून दुरुस्त करते. पगार बेताचा आहे. एम. ए. करावयाचे तिच्या मनात आहे. आईच्या पाटल्या अद्याप परत झालेल्या नाहीत. सोन्याचा आजचा भाव या सभेला सांगावयास नको.

यंदा याच विषयासाठी एका मुलाचा अर्ज आला आहे. त्याला हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात जावयाचे आहे. निधीच्या सातव्या नियमात ‘तांत्रिक अथवा वैद्यकीय शिक्षणासाठी’ असे शब्द आहेत, म्हणून तो अर्ज विचारातच घेता येत नाही, असे कार्यवाहांनी कळविले आहे. ते बरोबरच बोलतात. ते शब्द पूर्वी आमच्याच सूचनेवरून घातले गेले होते. ते गाळावे असा ठराव आम्ही आज सकाळी लिहून दिला आहे. त्यावर सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे.