रागाचं काय करायचं?



धावडा हे आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं गाव. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे या मुलखाला बुद्ध काही १९५६ साली पहिल्यांदा भेटलेला नाही. हे सांगताना छाती फुगते खरी, पण इथल्या तरुण कार्यकर्त्यांत जाऊन बसलं की त्या दानाबद्दल कुणी विचारत नाही. ते विचारतात ते वेगळंच. गायरानातलं उभं पीक मोडलं, जयंतीची मिरवणूक अडवली, पारावर जातीवरून बोलले. आणि विहारात आलो की तुम्ही म्हणता, क्रोध सोडा. मग काय, ऐकून घ्यायचं का?

प्रश्न रास्त आहे. सुभाषित सांगून तो मिटणार नाही.

धावड्यापासून जवळच असलेल्या अजिंठ्याला, दोन नंबरच्या लेण्यात, क्षांतिवादी जातक रंगवलेलं आहे. आता ते फार थोडं उरलंय. राजा एका तपस्व्याचे हातपाय तोडतो आणि तपस्वी रागावत नाही, अशी ती कथा. मला ती नेहमीच अवघड जाते. तपस्व्याची थोरवी मान्य आहे; पण ज्याच्या हातात तलवार आहे त्याला ही कथा फार सोयीची. तो म्हणेल, बघा, तुमचा धर्मच सांगतो, सोसा.

बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध दिला तो या कथेवरून नव्हे. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून राजपुत्राने घर सोडलं, ही पारंपरिक गोष्ट त्यांनी तिथे बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटेना. त्यांच्या मते कारण होतं पाणी. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटलं. धर्मानंद कोसंबींनीही या भांडणाचा धागा आधीच धरला होता. बाबासाहेबांनी सांगितलेल्या हकिकतीत शाक्यांच्या संघाची सभा भरते आणि सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठून विरोध करतो आणि उपसूचना देतो: दोघे आपले, दोघे त्यांचे, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा. मतदान होतं. सिद्धार्थ हरतो. दुसऱ्या दिवशी सक्तीच्या सैन्यभरतीचा ठराव येतो, तेव्हा सैन्यात जाणार नाही असं तो सांगतो. सेनापती त्याला बजावतो, की तुझ्या घरच्यांवर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल.

बहिष्कार आणि जमीन. ही धमकी मराठवाड्याच्या कुठल्याही खेड्यात समजावून सांगावी लागत नाही. पिठाची गिरणी बंद, किराणा बंद, शेतावरचं काम बंद. सिद्धार्थ ती शिक्षा घरच्यांवर येऊ देत नाही, स्वतः परिव्राजक होतो. पण त्याआधी सभेत उठून, नाव घेऊन, कारण देऊन तो ‘नाही’ म्हणालेला असतो. गप्प बसलेल्या माणसाची ही गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांना स्वतःला राग येत नव्हता असं कुणी समजू नये. १९३४ सालची हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे आणि ती आपल्याच मुलखातली आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली तीसेक जणांची मंडळी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. दारापाशी पाण्याचं लहान टाकं होतं, त्यावर त्यांनी तोंड-हातपाय धुतले. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, यांनी टाकं बाटवलं म्हणून. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. बरोबरचे तरुणही तापले. बाबासाहेबांनी बराच वेळ दोन्हीकडच्यांना आवरून धरलं. अखेर त्यांचाही संयम सुटला आणि काहीशा चढ्या आवाजात त्यांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कुणी उद्या मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? गर्दी चूप झाली. मग आत जायला परवानगी मिळाली, पण आत कुठे पाण्याला शिवायचं नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन.

म्हणजे राग आला, आवाजही चढला. बाहेर पडला तो मात्र प्रश्न होऊन. समोरच्याला उत्तर देता येऊ नये असा प्रश्न. आणि तरी पाणी मिळालं नाहीच, हेही विसरायला नको. रागाचं नीट काही करता आलं म्हणून दर वेळी जिंकता येतंच असं नाही.

महाडला, २० मार्च १९२७ रोजी, याहून कठीण वेळ होती. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले आणि वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली. जेवत्या माणसांवर काठ्या पडल्या. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. मारामारी त्यांना शिकवावी लागत नव्हती. डाकबंगल्यावर माणसं फक्त बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होती. तो शब्द आला नाही. फिर्यादी झाल्या आणि त्याच जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तेव्हा विरुद्ध बाजूने कोर्टाचा मनाईहुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला. जमलेल्यांना हे सोपं गेलं नसणार. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टात. दहा वर्षं! नुसत्या रागाला दहा वर्षं दम निघत नाही.

महाडच्या वेळी बाबासाहेब बौद्ध नव्हते, हे कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. पण बुद्धाकडे जाणाऱ्या माणसाची ही तयारी होती, असं मी मानतो.

आता साधनेबद्दल थोडं, कारण घोटाळा तिथेच होतो. मैत्री भावना कशी करायची ते बुद्धघोषाने ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात फार बारकाईने सांगितलं आहे. रागावलेला माणूस कसा, तर दुसऱ्याला मारायला हातात निखारा घेतो आणि आधी स्वतः भाजतो, ही उपमा तिथलीच. ती सगळ्यांना पाठ असते. त्याच प्रकरणातली दुसरी सूचना मात्र कुणी सांगत नाही. मैत्रीची सुरुवात वैऱ्यापासून करू नका, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आधी स्वतःपासून, मग आदरणीय आणि प्रिय माणसं, मग त्रयस्थ आणि शेवटी वैरी. आपल्याकडे मार खाऊन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, त्याला क्षमा कर. बहुधा हे सांगणारा स्वतः मार खाल्लेला नसतो. त्या पोराची पहिली पायरीसुद्धा झालेली नाही. आपलं स्वतःचं भलं व्हावं, एवढंसुद्धा मनापासून इच्छायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आणि सतिपट्ठान सुत्त तर त्याहून सरळ आहे. चित्तात द्वेष असेल तर द्वेष आहे असं जाणावं. दडपा म्हणत नाही, लाजा म्हणत नाही. जाणा.

हे जाणणं पोलीस ठाण्यात फार उपयोगी पडतं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. जातीवरून अपमान झाल्याची फिर्याद असेल तर तो चारचौघांदेखत झाला का, हे त्यात पाहिलं जातं. रागाच्या भरात लिहिलेली फिर्याद मी पुष्कळदा वाचली आहे. समोरच्याला गुंड, माजलेला, जातीयवादी, अशी पानभर विशेषणं. तो नेमकं काय बोलला ते शब्द नाहीत. किती वाजले होते, कुठे उभे होतो, कोण ऐकत होतं, नाही. खटला पुढे पाच वर्षांनी उभा राहतो आणि समोरचा वकील त्या पानावर बोट ठेवतो. उलट जो पोरगा ठाण्याच्या बाहेर बाकावर दहा मिनिटं श्वास पाहत बसतो, त्याला शिवी जशीच्या तशी आठवते, दुकानाच्या ओट्यावर बसलेले दोघेही आठवतात. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवणं, मगच सही घेणं, हे पोलिसांवर कायद्यानेच बंधन आहे. ते वाचून होईपर्यंत थांबायला शांत डोकं लागतं. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, साठ दिवसांत आरोपपत्र जायला हवं, हे विचारायलाही तेच डोकं लागतं.

आणि ज्याने त्या रात्री मोबाइलवर धमकीचं स्टेटस टाकलं, त्याच्यावर सकाळी क्रॉस केस पडलेली असते. मग गायरान राहतं बाजूला आणि अख्खी वस्ती जामिनाच्या मागे. गाव नमुना एक-ई मध्ये आपल्या अतिक्रमणाची नोंद आहे का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहायला माणूस उरत नाही.

वर्षावासात आपल्याकडे गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पांढरी लुगडी नेसून आयाबाया वेळेवर येतात, पोरं येत नाहीत. रोहिणीच्या पाण्याचं प्रकरण पहिल्याच खंडात आहे, म्हणजे आषाढ पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत ते येतं. त्या संध्याकाळी पोरांना मुद्दाम बोलवा. संघाच्या सभेचा प्रसंग त्यांच्याकडूनच वाचून घ्या आणि प्रत्येकाला विचारा, सिद्धार्थाच्या जागी तू असतास तर कोणती उपसूचना मांडली असतीस? गायरानाबद्दल, स्मशानभूमीच्या रस्त्याबद्दल, नळाबद्दल. उत्तरं कागदावर उतरवून ठेवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तेव्हा फार दिवस राहिलेले नसतात.