टाकी तुंबली तर आधी काय बघाल?

दोस्तांनो, विषय ऐकून काहींना हसू आलं. पण संडास तुंबला की हसू येत नाही. नाशिकच्या कडेच्या ज्या वस्त्यांत भुयारी गटार पोचलेली नाही, तिथे सेप्टिक टँकशिवाय चालत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे पाणी मागे यायला लागलं. अब्बांनी एकाला बोलावलं. तो म्हणाला, "आत उतरून साफ करतो, गाडीपेक्षा स्वस्त पडेल." अम्मी आतूनच ओरडली, "कुणीही उतरायचं नाही!"

तिचं बरोबर होतं. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तो घरमालकालाही लागू होतो, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृताच्या कुटुंबाला ३० लाख भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं.

मग करायचं काय? बाहेरूनच बघा. एकच संडास तुंबला असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये. सगळेच तुंबले तर घर आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडा. ते कोरडं असेल तर अडथळा घराकडच्या पाइपात. भरलेलं असेल, तर टाकी बघा. टाकीतलं पाणी नेहमीच्या पातळीवर असेल तर अडथळा चेंबर ते टाकी एवढ्यातच. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्याही वर चढलं असेल तर तो पाइप किंवा शोषखड्डा बंद. झाकण उघडल्यावर वाकू नका, काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा. अ‍ॅसिडही ओतू नका, मैला कुजवणारे जंतू मरतात.

आमचा शोषखड्डाच भरला होता. गाडीनं टाकी उपसली, चार दिवसांत पुन्हा तेच! इथली काळी माती भिजली की फुगते, पाणी मुरू देत नाही. एवढं पाणी येतं कुठून, हे शोधताना कळलं की गच्चीवरच्या पावसाचा पाइप कुणीतरी त्याच चेंबरमध्ये जोडलाय. प्लंबरनं तो दोन तासांत वेगळा केला. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, म्हणून अब्बांनी झाकणाजवळच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवलीय.