घरच्या दुरुस्तीनंतर एसी बिघडला तर?



एसी केबिनचे ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रे आणि मोटारगाड्या आता आपल्या भागात नवीन राहिलेल्या नाहीत. फिल्टर बदलणे, पट्टा बसविणे, रेडिएटर धुणे ही कामे बरेच शेतकरी घरीच करतात. खर्च वाचतो, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र दुरुस्तीनंतर एसी नीट चालेनासा झाला, तर लगेच गॅस भरायला धावू नये. काम करताना आपला हात जेथे जेथे लागला, तेथून तपासणीस सुरुवात करावी. सुटलेली वायर किंवा उलटा बसलेला फिल्टर असे साधेच कारण असू शकते.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. हवाच येत नसेल, तर ब्लोअरचा फ्यूज व वायरचा जोड पाहावा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम भागवू नये, वायरिंग जळते. हवा कमी येत असेल, तर केबिनचा फिल्टर काढून पाहावा. त्यावरील बाण हवेच्या दिशेनेच असावा.

२. हवा भरपूर पण गार नसेल, तर इंजिन व एसी चालू करून कॉम्प्रेसर लांबूनच पाहावा. पुलीपुढची चकती पुलीबरोबर फिरली पाहिजे. ती फिरत नसेल, तर फ्यूज, रिले व क्लचची वायर पाहावी. गॅस फार कमी झाल्यासही दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. तो स्विच जोडून टाकू नये. तेल व गॅसविना कॉम्प्रेसर निकामी होतो.

३. चकती फिरते, तरी हवा कोमट असेल, तर डॅशबोर्डमागील गरम-थंड हवेची झडप पाहावी. डॅशबोर्ड उघडल्यानंतर तिची केबल किंवा मोटरची वायर निसटलेली असू शकते. स्वयंचलित एसीच्या काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर या झडपा पुन्हा जुळवाव्या लागतात. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

४. गाडी पळताना गार व उभी असताना गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. शेतात ट्रॅक्टरच्या कंडेन्सरवर भुसकट व धूळ बसते. इंजिन बंद व थंड करून कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने धुवावे. जोरदार धारेने पातळ पत्रे वाकतात.

५. नळीच्या जोडावर तेलकट धूळ दिसल्यास तेथून गॅस गळत असण्याची शक्यता असते. येथे आपले काम थांबते. एसीच्या नळ्या घरी सोडू नयेत. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. अंगावर उडाल्यास कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. नळ्या उघडल्या गेल्या असतील, तर कारागिराकडून रबरी रिंगा व ड्रायर बदलून, निर्वात करून, गाडीवरील पट्टीत दिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्यावा. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो. घरगुती सिलिंडरचा गॅस कधीही भरू नये. तो पेट घेतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवा गार लागली म्हणजे केबिन फवारणीसाठी सुरक्षित झाली, असे समजू नका. साधा कागदी फिल्टर धूळ अडवितो, औषधाची वाफ अडवीत नाही. युरोपीय मानकात केबिनचे चार वर्ग आहेत. दुसरा वर्ग फक्त धूळ अडवितो, तिसरा धूळ व तुषार, आणि वाफेपासून संरक्षण फक्त चौथ्या वर्गात मिळते. त्यासाठी कोळशाचा थर असलेला योग्य फिल्टर लागतो आणि केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब थोडा जास्त राहावा लागतो. फिल्टरची रबरी कड दुमडली किंवा दाराचे रबर फाटले, तर औषध सरळ नाकात जाते. चालकाला ते कळतही नाही, कारण हवा गारच येत असते.

म्हणून फिल्टर बदलल्यावर कड चारही बाजूंनी नीट बसली का, हे बोट फिरवून पाहा. केबिनचा वर्ग पुस्तिकेत तपासा. खात्री नसेल, तर एसी चालू असला तरी मास्क, हातमोजे व चष्मा वापराच. पट्टा आणि फिल्टर बाजारात पुन्हा मिळतात, डोळे आणि फुप्फुसे मिळत नाहीत.